घोंगडीखालचा मोबाइल

वस्ती, ता. पालम
१३ जानेवारी

प्रिय हेमा,

पाकिटावरचं अक्षर बघून हसली असशील. मोबाइल असताना ही बाई पोस्टाचं तिकीट चाटायली, असं म्हणशील. हस खुशाल, पण पत्र पुरतं वाच आणि मग फाडून टाक. मला मोबाइलची भीती बसली आहे. त्यावर बोलायची भीती, लिहायची भीती, नुसता समोर टांगलेला दिसला तरी मी नजर वळवते.

शनिवारी माझा सूक्ष्मपाठ होता. अभ्यासकेंद्राचे ऑनलाइन तास तूच लावतेस, तेव्हा तुला माहीतच आहे. बी.एड.चे माझ्यासोबतचे सगळे मास्तर आपापल्या घरी विद्यार्थी होऊन बसणार आणि मी त्यांना मोबाइलवरून पाच-सात मिनिटं शिकवणार. कौशल्य होतं प्रश्न विचारण्याचं. आमच्याकडे रेंज येते फक्त ओसरीवर. म्हणून ओसरीच्या मेढीला रुमालाने मोबाइल बांधला, डोक्यावर पदर घेतला आणि शिकवलं. पाठ बरा झाला असं वाटलं. पण मध्ये चहाची सुट्टी होती, बाकीच्यांचे पाठ व्हायचे होते आणि हजेरी शेवटी होती, म्हणून मी तशीच बसून राहिले.

तेवढ्यात मामंजी शेळ्या सोडून आले आणि बनियनवर बाजेवर टेकले. आमच्या घरात सासऱ्यासमोर सून कशी वागते ते तू एकदा येऊन पाहून गेली आहेस. मला एकदम चोरट्यासारखं झालं. मोबाइलमध्ये एवढी परकी माणसं आणि समोर मामंजी असे बसलेले. मी खुंटीवरची घोंगडी काढली आणि मोबाइलवर सोडली. पदर घेतला की आम्ही त्या माणसापुढून बाजूला झालो असं धरतो. मोबाइललाही मी पदरच दिला गं, आणि तो बाजूला झाला असं माझ्या मनाने धरलं. बंद करायचं राहूनच गेलं.

चहा पिऊन मामंजी परत गेले. माझ्या सासूनं, आत्याबाईंनी, तिथंच ओसरीवर माझा हात धरला आणि रडायलाच लागल्या. मामंजींनी शीलाचं जमवलंय. आपली शीला, माझी नणंद, नववीत आहे, पंधरा वर्षांची. मुलगा पेडगावकडचा. माघात उरकायचं ठरलंय. आत्याबाई म्हणाल्या, "दैवशाला, माझं तर झालं तसंच झालं. हिचं न्हाई होऊ द्यायचं. तू शिकलेली हायेस, काय तरी कर." मग आम्ही दोघींनी ठरवलं, की पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जातो म्हणून शीलाला घेऊन निघायचं आणि एसटीनं थेट परभणीला तुझ्याकडे यायचं. तिला तिथल्या मुलींच्या वसतिगृहात ठेवायचं. दिवससुद्धा ठरवला.

मग मी घोंगडी उचलली. सगळी नावं तशीच होती, हेमा. माझा आवाज चालू होता. आणि त्यात एक नाव बन्सीधर. हा बन्सीधर मास्तर म्हणजे त्या नवऱ्या मुलाचा सख्खा चुलता.

मला लाल बटण सापडेना. कोण कोण ऐकत होतं ते मला सांग. ते साठवलेलं असेल तर पुसून टाक. मामंजींना कळलं तर शीलाचं लग्न त्याच आठवड्यात लावतील, आणि मला माहेरी धाडून माझ्या लहानग्या रेणुकाला इथं ठेवून घेतील. आमचे हे मेंढरं घेऊन लांब गेलेत, त्यांना फोनही लागत नाही.

उत्तर माझ्या शाळेच्या पत्त्यावर टाक. मुख्याध्यापिका मनिषाबाई पाकीट न फोडता देतात. मोबाइलवर काही पाठवू नकोस, तो दिवसभर माझ्या दिराच्या, बबलूच्या हातात असतो.

तुझी
दैवशाला

—

परभणी
१९ जानेवारी

दैवे,

अगं किती घाबरशील! तुझं पत्र वाचून आधी मी पाणी प्यायले आणि मग हसले, खरं सांगते. तुला वाटतं नावं दिसली म्हणजे माणसं होती? नाव असतं, माणूस नसतो. हे तास लावून लावून माझे केस पांढरे झाले. एक सर हजेरी लावून दळण आणायला जातात. एक बाई मोबाइल देवघरात ठेवतात, दर वेळी आम्हाला त्यांच्या समईचं दर्शन होतं. मागच्या महिन्यात एका गृहस्थाचं घोरणं सगळ्या वर्गाने ऐकलं आणि त्याला हजेरीही मिळाली. तू पाठ देत होतीस तेव्हाच तुझं कुणी ऐकत नव्हतं, नंतरचं काय ऐकणार?

तुझ्या त्या बन्सीधर मास्तरांचं म्हणशील तर ते मध्येच गळाले होते. मी बघितलं. तेव्हा शांत झोप.

पुसायचं मात्र माझ्या हातात नाही. सगळं आपोआप साठतं. ज्याचा पाठ असेल त्याच्या मोबाइलवर त्याची लिंकही आपोआप जाते, म्हणजे आपला पाठ आपणच बघून सुधारावा. तुलाही आली असेल, तेवढी काढून टाक. मूळचं काढायला श्रीराम सरांची परवानगी लागते. ते केंद्रप्रमुख आहेत आणि कारण विचारल्याशिवाय खडूसुद्धा देत नाहीत. काय कारण सांगू ते कळव.

आता शीलाचं. पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे हे मी तुला सांगायला नको. ग्रामसेवकाला कळवायचं, नाहीतर मुलांच्या मदतीच्या १०९८ ला फोन करायचा, नाव गुप्त ठेवतात. तू फक्त हो म्हण.

आणि जाता जाता तुझ्या पाठावरचा मूल्यमापक बाईंचा शेरा सांगते. "प्रश्न चांगले, पण विचारल्यावर थांबत नाही. उत्तर स्वतःच देऊन टाकते." बाई गं, प्रश्न विचारला की गप्प उभं राहावं. समोरच्याला अवघडू द्यावं.

तुझी
हेमा

—

वस्ती, ता. पालम
२७ जानेवारी

हेमा,

तू म्हणालीस झोप, पण माझी झोप उडाली आहे.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी थोडं बरं वाटलं होतं. मोबाइल मागून घेऊन सगळं तपासलं. तुझी ती लिंक कुठंच दिसली नाही. आलीच नसेल, रेंजचं आमच्याकडे असंच आहे. म्हटलं चला, एक काळजी मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बी.एड.च्या ग्रुपवर बन्सीधर मास्तरांनी लिहिलं, "दैवशालाताईंचा पाठ शेवटपर्यंत ऐकला." बस, एवढंच. खाली चार-पाच जणांनी अंगठे दाखवले. शेवटपर्यंत म्हणजे कुठपर्यंत, हेमा? तू तर म्हणाली होतीस ते गळाले.

परवा पेडगावकडून मोटारसायकलवर दोघं आले. मामंजी त्यांच्याशी बाहेर लिंबाखाली उभ्यानेच बोलले. चहाला आत आणलं नाही. आमच्याकडे पाहुण्याला असं कधी करत नाहीत. ते गेल्यावर मामंजींनी मला पाणीसुद्धा मागितलं नाही, शीलाला हाक मारली. गेले काही दिवस ते माझ्या हातचं काहीच घेत नाहीत.

आणि काल जेवताना भाकरी मोडता मोडता म्हणाले, "पोखर्णीला जायचं म्हनं कुनाला तरी. जायचं तर समदेच जाऊ की. लगीन झाल्यावर जोडीनंच दर्शन घिऊ." आत्याबाईंच्या हातातून तांब्या पडला. पोखर्णीचं आम्ही तुझ्याशिवाय कुणापाशीही बोललो नव्हतो. शीलालासुद्धा सांगितलं नव्हतं. फक्त त्या दिवशी ओसरीवर बोललो होतो, त्या घोंगडीजवळ.

त्या मास्तरानेच सांगितलं. दुसरं कोण सांगणार? माणूस शिकवण्याचं शिकतो आणि असलं करतो.

लग्न अलीकडे ओढलंय. तारीख मला कुणी सांगत नाही. शीलाची शाळा बंद केली आहे. ती मला विचारते, "वैनी, मला काऊन पाठवनात?" मी तिला सांगते की तुझी तब्येत बरी नाही. धडधडीत खोटं बोलते. तिची तब्येत ठणठणीत आहे.

तू ग्रामसेवकाचं म्हणतेस. नाव गुप्त ठेवतील, पण ह्या वस्तीवर शिकलेली बाई मी एकटीच आहे. गाडी दारात लागली की सगळी माझ्याकडेच बघतील. मला हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणायची लाज वाटते. मी काय करू?

दैवशाला

—

परभणी
१ फेब्रुवारी

दैवे,

आज थट्टा सुचत नाही.

मी तुला खोटं सांगितलं होतं. बन्सीधर मास्तरांचं नाव शेवटपर्यंत होतं. तू फार घाबरशील म्हणून मी ते गाळलं, आणि मला वाटलं एवढ्यावर निभावेल. तुझं पत्र आल्यावर मी कानाला हेडफोन लावून ते सगळं ऐकलं. चित्र काळं आहे, पण आवाज स्वच्छ आहे. तुझ्या सासूबाई "माझं तर झालं तसंच झालं" म्हणतात तिथं मला थांबवावं लागलं. आता मलाही भीती वाटते. गेटपाशी कुणी मोटारसायकल लावली तरी मी खिडकीतून बघते.

श्रीराम सरांकडे गेले होते. म्हणाले, मूल्यमापन होईपर्यंत काही पुसता येणार नाही. कारण सांगायची माझी हिंमत झाली नाही.

पोखर्णीचा बेत सोडून द्या. आता एकच वाट उरते ती तुला ठाऊक आहे. पण राहायचं तुला आहे त्या घरात, मला नाही. म्हणून तुझ्या होकाराशिवाय मी कुणालाही फोन करणार नाही. पुढचं पत्र यायला वेळ लागेल आणि तेवढा वेळ आपल्याकडे आहे की नाही कोण जाणे. तेव्हा असं कर. येत्या शनिवारी तास आहे. तू नेहमी डोक्यावर पदर घेऊन बसतेस. तुझा हो असेल तर तासाला सुरुवात झाल्यावर पदर खांद्यावर घे. बाकी काही बोलू नकोस. मला दिसला की मी तिथून उठून ग्रामसेवकांना फोन लावते.

पदर डोक्यावरच राहिला तरी मी तुझ्यावर रागावणार नाही.

हेमा

—

परभणी
१२ फेब्रुवारी

दैवे,

तू कशी आहेस एवढं एका ओळीत कळव. शनिवारपासून तुझा मोबाइल बंद येतो. मनिषाबाईंना फोन केला तर म्हणाल्या, तू शाळेत आलेली नाहीस. ग्रामसेवक म्हणाले, "जाऊन आलोय, बघतो." काय बघितलं ते सांगेनात. मी इथं वेड्यासारखी झाले आहे.

माझ्या बाजूने काय दिसलं ते लिहिते, म्हणजे तुला कळेल की मी कुठपर्यंत तुझ्यासोबत होते.

तू जोडली गेलीस. पदर डोक्यावर होता. बाजेचा एक पाय दिसत होता आणि त्यावर टेकलेलं कुणाचं तरी पाऊल, म्हणजे तुझे सासरे बसलेले होते हे मला समजलं. तुझा हात दोनदा खांद्यापर्यंत गेला आणि परत खाली आला. तुझा चेहरा मला बघवेना. मी मनात म्हटलं, नको, राहू दे.

मग तू बाजूला झालीस, की तुला कुणी बाजूला केलं ते कळलं नाही. तुझ्या जागी तुझ्या सासूबाई येऊन बसल्या. डोकं उघडं. पांढरे केस, मधोमध भांग. आमच्या बाई शैक्षणिक साधनांवर बोलत होत्या, त्या बोलता बोलता थांबल्या. आणि सासूबाई मोबाइलच्या अगदी जवळ येऊन म्हणाल्या:

"तुमी समदे गुरुजी हाव म्हनं. मी भागुबाई. माही लेक पंधरा वर्साची हाय, आन् तिचं लगीन लावायलेत. तुमच्या शाळंतली पोरगी असती तर तुमी काय केलं असतं?"

आणि गप्प बसल्या.

बाईंनी "तांत्रिक अडचण आहे का" असं काहीतरी विचारलं. सासूबाई हलल्या नाहीत. त्या नुसत्या बघत राहिल्या. भराभर नावं जायला लागली. दळणवाले सर गेले, समईवाल्या बाई गेल्या. मी स्वतःला म्हणत होते, हेमा, बोल, तूच तर सांगत होतीस सगळं. माइकच्या बटणाकडे बोट नेलं आणि मागं घेतलं. दैवे, मी सगळ्यांत घाबरट निघाले.

मग एक चित्र सुरू झालं. बन्सीधर मास्तर. ते मान खाली घालून म्हणाले, "मी नवरदेवाचा चुलता हाय. आमाला पोरगी अठराची हाय म्हनून सांगितलं. खरं काय ते मी मागंच ह्याच मोबाइलवर आईकलं आन् गप बसलो. ताईंना कळावं म्हनून ग्रुपवर लिवलं, पर घरी बोलायची छाती झाली न्हाई. आज बोलतो. रायभानभाऊ, पोरीचे वडील तुमी, तिथं असाल तर आईका, आमच्याकडून हे लगीन मोडलं."

त्यानंतर एक मोठा पंजा आला, चित्र काळं झालं, काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि तुझं नाव गेलं. मी उठून ग्रामसेवकांना फोन केला, १०९८ लाही केला. तुझा पदर डोक्यावरच होता हे मला माहीत आहे. सासूबाईंचं उघडं डोकं मी हो धरलं. चुकलं असेल तर चुकलं.

एक ओळ लिही.

हेमा

—

वस्ती, ता. पालम
२० फेब्रुवारी

प्रिय हेमा,

मी आहे. शीलाही इथंच आहे, तिच्या घरी, तिच्या बापाच्या घरी. लग्न मोडलं.

पत्राला उशीर झाला कारण मला घराबाहेर पडायची भीती वाटत होती. तुझं शेवटचं पत्र मनिषाबाई स्वतः आणून देऊन गेल्या.

तू म्हणालीस ते खरं आहे, माझा हात गेला आणि परत आला. तुझं आधीचं पत्र मी आत्याबाईंना वाचून दाखवलं होतं. त्यांना वाचता येत नाही, पण पदराची खूण त्यांना बरोबर समजली होती. शनिवारी मी नुसती थिजून बसले. मामंजी हातभर अंतरावर होते. आत्याबाई आतून आल्या, मला कोपराने सारलं आणि म्हणाल्या, "सर. तुला माहेरी धाडतील. मला आता कुनी कुठं धाडत न्हाई." आणि बसल्या.

मामंजींनी मोबाइल मेढीवरून ओढला आणि शेळ्यांच्या डोणीत फेकला. पाण्यात गेला. मग हात उगारला तो आत्याबाईंवर. मी मध्ये गेले असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी रेणुकाला उचलून भिंतीला चिकटले. शीलाच धावत आली आणि आईच्या पुढं उभी राहिली. मामंजींचा हात वरच राहिला. मग ते बाहेर जाऊन लिंबाखाली बसले.

संध्याकाळच्या आत ग्रामसेवक आणि अंगणवाडीच्या सुलाबाई आल्या. सगळी वस्ती जमली आणि जसं मी म्हटलं होतं तसं सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आत्याबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "तिच्याकडं काय बघता? मी बोलले. माझं तोंड समद्या जिल्ह्यानं बघितलंय, इचारा." अठराच्या आत लग्न लावणार नाही, असं मामंजींकडून लिहून घेतलं. त्यांनी मान वर न करता अंगठा दिला.

आता जे कळलं ते सांगते. बन्सीधर मास्तरांना मी मनात काय काय बोलले, ते सगळं मागं घेते. ग्रुपवरचं त्यांचं वाक्य मी धमकी म्हणून वाचलं. मोटारसायकलवर आले होते ते त्यांच्या घरचे होते, पण ते तारीख ठरवायला आले होते, मास्तर त्यांच्याशी अजून बोललेलेच नव्हते. पोखर्णीचं मामंजींना सांगितलं बबलूने. ती तुझी लिंक आली होती गं. वैनीचा पाठ बघावा म्हणून ह्याने उघडली, पाठ संपल्यावर बंद केली नाही, आणि पुढचं ऐकून बापाला नेऊन ऐकवली. मग पुसून टाकली. परवा तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, मला वाटलं तुमी शीलाला पळवून न्यायलाव." खरं तर त्याने ऐकलं तेच त्याला वाटलं. ज्याला भ्यायला हवं होतं तो आपल्याच घरात मोबाइल घेऊन हिंडत होता, आणि मी पेडगावकडे बघत बसले.

आमच्या ह्यांना निरोप पोचलाय. येतील तेव्हा काय म्हणतील कोण जाणे. त्याचीही भीती वाटतेच. मामंजी माझ्याशी अजून बोलत नाहीत. बी.एड.चं पुढं काय होणार ते मला ठाऊक नाही, मोबाइल तर डोणीतून काढून उन्हात ठेवलाय, तो काही बोलत नाही. माझा पदर अजून डोक्यावरच आहे, हेमा. तो खाली घ्यायला हातच जात नाही.

आत्याबाईंनी मात्र त्या दिवसापासून डोक्यावर पदर घेतलेला नाही. मामंजी त्यांच्याकडे बघत नाहीत, ताटाकडे बघतात. आत्याबाई रोज भाकरी वाढायला येतात, भाकरी हातात धरतात आणि विचारतात, "शीला शाळंत जाईल ना?" आणि गप्प उभ्या राहतात. मामंजी भाकरी न घेताच उठायचे. मी चुलीपाशी जीव मुठीत धरून बसायची. मनात यायचं, आत्याबाईंच्या ऐवजी आपणच काहीतरी बोलून टाकावं, म्हणजे ही शांतता तरी संपेल.

काल त्यांनी परत विचारलं. मामंजींनी कालवणात बोट बुडवलं आणि तसंच ठेवलं. शीला दाराआड होती, तिचे पाय मला दिसत होते. आत्याबाई उभ्याच होत्या. मी तोंडावर हात दाबून धरला.

"जाईल," मामंजी म्हणाले.

आत्याबाईंनी भाकरी वाढली.

तुझी
दैवशाला